चिंचटेक विमानतळाची शिस्त

विमान हे मूलतः जमिनीवरचं वाहन आहे. ते अधूनमधून उडतं, हा त्याच्या सेवेतला खंड समजावा. वर गेलेल्या विमानाची काळजी घ्यायला वैमानिक आहे, वारा आहे, प्रवाशांची कुलदैवतं आहेत. खाली उतरलेल्या विमानाला मात्र कुणी वाली नसतो. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुणाच्या मागं जायचं हे त्याला सांगावं लागतं. या उदात्त विचारातून मिरजेहून आटपाडीकडं जाताना लागणाऱ्या चिंचटेक विमानतळावर 'भूपृष्ठ संचलन मार्गदर्शन व नियंत्रण प्रणाली' बसवण्यात आली. (नाव वाचताना मध्ये एकदा श्वास घेण्यास परवानगी आहे.)

प्रणाली उत्तम आहे. मी विमानतळाचा कार्यालय अधीक्षक असल्यानं हे खात्रीनं सांगू शकतो. धावपट्टीवरून विमान आपल्या जागेवर जातं त्या वाटेला टॅक्सी-वे म्हणतात. या टॅक्सी-वेवर जमिनीत हिरवे दिवे पुरले आहेत. ज्याला वाट दाखवायची त्याच्यापुढं ते एकेक करून लागत जातात. मध्येच तांबड्या दिव्यांची आडवी ओळ आहे. ती लागली की थांबायचं. मनोऱ्यावर रडार आहे, त्याखाली पडदा आहे, पडद्यापुढं सन्मती उपाध्ये नावाची हुशार मुलगी आहे, आणि या सगळ्यावर कडी म्हणून 'माझ्यामागे या' अशी पाटी लावलेली पिवळी जीप आहे.

विमानं नाहीत.

विमानं येण्यासाठी परवाना लागतो. परवान्यासाठी प्रणाली नीट चालते याच्या किमान दहा हजार नोंदी लागतात. नोंदींसाठी विमानं लागतात. एखाद्या कच्च्या खात्यानं इथंच हात टेकले असते. आम्ही नियम पुन्हा वाचला. त्यात 'संचलन' असा शब्द होता, कशाचं ते लिहिलेलं नव्हतं. विमानतळामुळं शेतातून साखर कारखान्याकडं जाणारी वाट तुटलीच होती. तेव्हा उसाचे ट्रॅक्टर टॅक्सी-वेवरून सोडायचं ठरलं, आणि प्रत्येकाला प्रणालीकडून नंबर मिळू लागला. हाच नंबर कारखान्याच्या गेटवर चालतो. त्यामुळं मिरजेच्या सिग्नलला जो यमालाही जुमानत नाही तो ट्रॅक्टरवाला मानसिंग इथं तांबड्या दिव्यापुढं गाणी लावून तासतासभर उभा राहतो. दिवा ओलांडला तर नंबर जातो ना!

तीन हंगामांत ४१,३१२ संचलनं झाली. परवाना अजून विचाराधीन आहे. अपघात शून्य, विमानं शून्य. (या दोन शून्यांचा परस्परांशी संबंध आहे काय, हे पाहण्यासाठी उपसमिती नेमली आहे.)

अनुभवातून प्रणाली शहाणी होत गेली. पहिल्या महिन्यात शेळ्यांमुळं दिवसाला नऊशे वेळा भोंगा वाजला, म्हणून म्हशीपेक्षा हलकं काहीही पडद्यावर दाखवू नये असं तिला शिकवलं. तेव्हापासून माणसं दिसायची बंद झाली. गावकरी निवांत टॅक्सी-वे ओलांडून दळण आणू लागले. पुढं पडदा हळू चालतो अशी तक्रार आली, म्हणून वाहनांच्या यादीतले न वापरलेले पर्याय काढून टाकले. डबल ट्रॉली राहिली, सिंगल ट्रॉली राहिली, पाण्याचा टँकर राहिला. 'विमान' गेलं.

आता जीपविषयी. ती चालवायचे गुंडा जाधव, फौजेतले निवृत्त हवालदार. जीप फक्त विमानापुढं चालवायची असा नियम असल्यानं ते रोज दहाला आणि चारला ती घेऊन निघायचे, आरशात पाहून मागं कुणी नसल्याची खात्री करायचे, आणि परत यायचे. चार वर्षं हे चाललं. गुंडांच्या घराण्याला गावच्या जत्रेत पालखीपुढं चांदीची काठी घेऊन चालायचा मान आहे. "आमच्या घरात फुडं चालायची सवं हाय, सायेब," ते मला म्हणायचे. "मागं कोन तरी असाय पायजे, येवढंच मागनं हाय. निस्तं एक इमान. मंग म्या सुखानं घरी जातो."

घरी जायचा दिवस ठरलेला होता. एकतीस जानेवारी, सायंकाळी साडेपाच.

त्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी चिंचटेकला विमान उतरलं. सहा जणांचं लहान विमान, आत एकट्या कॅप्टन राजेश्वरी. त्यांच्यापुढच्या यंत्रात तांबडा दिवा लागला म्हणून तातडीनं खाली आल्या, तर खाली तांबडाच दिवा. गुंडांनी चारची जीप अजून आत घातली नव्हती. टोपी सारखी करून त्यांनी ती विमानापुढं नेऊन उभी केली. चार वर्षांत पहिल्यांदा आरशात काहीतरी होतं. मी खिडकीतून पाहत होतो, आणि खोटं कशाला सांगू, खुर्ची सोडून उभा राहिलो.

प्रणालीनं विमान क्षणात ओळखलं. यादीत जे होतं त्यातलं सर्वांत जवळचं निवडून तिनं दिव्यांशेजारच्या फलकावर सूचना झळकवली : 'डबल ट्रॉली. माल दोन्ही बाजूंनी बाहेर आला आहे. जादा भाग कापून घ्यावा. नंबर ३९.'

"कापून घ्यावा म्हणजे काय?" कॅप्टननी वायरलेसवर विचारलं.

"मॅडम, ते पंखांबद्दल हाय," सन्मती म्हणाली. "तुमी मनावर घेऊ नका. पण कापल्याबिगर दिवा काय हिरवा होत न्हाई."

हातानं दिवा हिरवा करायची सोय आहे. आम्ही काही मागासलेले नाही. त्यासाठी तीन सह्या लागतात : विमानतळ प्रमुख, प्रणाली अभियंता आणि नागरिक प्रतिनिधी. प्रमुखांनी लगेच केली. अभियंता मेढ्याला मेहुण्याच्या लग्नात होते, त्यांनी तिथंच कागदावर करून फोनवरून फोटो पाठवला. (हळदीचा डाग ग्राह्य धरला.) नागरिक प्रतिनिधीची जागा चार वर्षं रिक्त आहे. जाहिरात तीनदा दिली. कुणी अर्ज केला नाही.

पाच वाजले, सव्वापाच वाजले. गुंडा जीपमध्ये ताठ बसून होते. फौजेत आणि इथं मिळून बत्तीस वर्षांत त्यांनी एकही तांबडा दिवा ओलांडला नव्हता, आणि आमच्या सेवा प्रमाणपत्रात 'निष्कलंक' हा शब्द त्यांच्यासाठी आधीच टाइप झाला होता. त्यांच्या मागं विमान आणि विमानामागं मानसिंग ट्रॉली घेऊन उभा होता.

"मामा, घाला की फुडं!" तो ओरडला. "कोन बघतंय?"

"तांबडा हाय न्हवं रं," गुंडा म्हणाले.

साडेपाचला जीप कडेला घेऊन ते उतरले. मी हार-नारळ घेऊन तिथं पोचलो होतो. जीपची किल्ली आणि पिवळं जाकीट माझ्या हातात दिलं. मी हार घातला, नारळ दिला. दोन शब्द बोलायचे होते, ते मी विमानाच्या आवाजात बोललो. त्यांच्या पत्नी लीलाबाई साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आल्या होत्या. पेढ्याचा पुडा काखेत धरून त्या विमानाकडं पाहत राहिल्या.

"आवं, किल्ली दिलीसा?"

"दिली."

"मंग आता तुमी कोन?"

"कोन म्हंजे? गावचा मानूस."

"गावची मानसं हितनं रोज जात्यात की दळान घिऊन. तांबडा दिवा वाहनाला हाय. चालनाऱ्याला कवा हुता?"

नियमाचं इतकं स्वच्छ वाचन आमच्या कार्यालयात आजवर कुणी केलेलं नाही. गुंडांनी पिशवीतून फेटा काढून बांधला. मानसिंगच्या ट्रॉलीतून एक सरळ ऊस ओढला, काठीसारखा उभा धरला, आणि विमानापुढं जाऊन चालू लागले. कॅप्टन राजेश्वरींनी जराही विचार केला नाही. विमान मागोमाग निघालं. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी बंद केली. तांबड्या दिव्यांवरून आधी गुंडा गेले, मग विमान गेलं. चारशे मीटर. गुंडांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पालखीपुढचा माणूस पाहत नसतो.

"मला पडद्यावर माणूस दिसत नाही," सन्मतीनं वायरलेसवर अधिकृतपणे सांगितलं. ते खरंच होतं. दिवा ओलांडल्याची एकही नोंद पूर्वी नसल्यानं ही चूक आपलीच असावी, असा नम्र निष्कर्ष काढून प्रणालीनं नंबर ३९ पुसून टाकला.

इथंच हे मिटलं असतं. पण कॅप्टन राजेश्वरींनी कार्यालयाला आभाराचं पत्र लिहिलं. आभाराचं पत्र आमच्याकडं पूर्वी कधी आलं नसल्यानं चौकशी लावण्यात आली. मी सदस्य-सचिव होतो.

चौकशीत प्रणालीनं साक्ष दिली की त्या दिवशी विमान आलंच नाही. सबब पत्र न आलेल्या विमानातून आलेलं ठरलं. अडतीस ट्रॅक्टरवाल्यांनी एकसुरात सांगितलं, "आमी खाली मान घालून बसलो हुतो." मी स्वतः त्या वेळी नारळाची पोच लिहीत होतो. समितीनं 'पुरावा नाही' असा अहवाल तयार केला, आणि 'निष्कलंक' प्रमाणपत्र पाकिटात घातलं.

तेवढ्यात तो व्हिडिओ आला. कुंपणाबाहेरून कुणीतरी काढलेला, अठ्ठावन्न सेकंदांचा. खाली ओळ होती, 'बघा आमचं विमानतळ', आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तीन पिवळे चेहरे. फेटा स्पष्ट, ऊस स्पष्ट, तांबडा दिवा तर फारच स्पष्ट. एका व्हिडिओनं काही सिद्ध होत नाही, असं मी समितीत म्हणालो. कुणीतरी खोटाही बनवला असेल. पण चौदा लाख लोकांनी तो खरा मानून पुढं पाठवला होता. चौदा लाख साक्षीदारांपुढं माझं काय चालणार?

गुंडांना बोलावून व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. "इमान मागंच हाय न्हवं?" एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर समाधानानं मान हलवून ते घरी गेले. प्रमाणपत्र मात्र त्यांनी मागितलं होतं. घरात देव्हाऱ्यावर त्यासाठी खिळा ठोकून ठेवला आहे, असं लीलाबाई म्हणाल्या.

प्रमाणपत्रातला शब्द खोडायलाही तीन सह्या लागतात. प्रमुखांनी केली, अभियंत्यांनी केली. नागरिक प्रतिनिधीच्या रकान्याशी मी बराच वेळ थांबलो, कारण ती जागा रिक्त आहे आणि रिक्तच राहील अशी मला आशा होती. पण समितीनं पुढं पाठवणाऱ्यांची यादी जोडली, आणि तीच सही म्हणून धरली.

यादी मी तपासली आहे. तीत आपलंही नाव आहे. दिवा हिरवा करायचा होता तेव्हा आपण आला नाहीत. त्या दिवशी आपल्याला वेळ नसेल, हे कार्यालय समजू शकतं. खोडायच्या वेळी मात्र आपण हजर होता, आठवतंय? जेवताना, डाव्या हातानं, हसत.