रताळ्यांखालची मजबूत जमीन

जी घाण उचलून नेता येत नाही, तिला जागच्या जागी भक्कम करणं हे प्रगत समाजाचं आद्य कर्तव्य होय. ओसाकाजवळच्या खाडीकाठची आमची शाळा या कर्तव्यात कुठेच कमी पडलेली नाही. तिच्या मैदानावर पूर्वी नळांना चकाकी देणारा कारखाना होता. चकाकी नळांवर गेली, उरलेलं सगळं मातीत मुरलं.

उपाय अगदी साधा. घराएवढं उंच गिरमिट जमिनीत उतरतं, सिमेंटचं पाणी सोडत माती तिथल्या तिथे घुसळतं आणि विष आत अडकून बसतं. शिवाय जमीन इतकी टणक होते, की भूकंपसुद्धा बिचकेल.

काम सुरू होण्याआधी रीतीप्रमाणे हे काम करणाऱ्या कंपनीचे त्सुकुदाकाका घरोघर वाकून टॉवेल वाटून गेले. (गोंगाटाबद्दल आगाऊ माफी. टॉवेल घेतला की माफ केलं असं धरतात.) मग माहितीसभा झाली. नव्वद टक्के प्रश्न टॉवेलबद्दलच होते.

"फिका निळा संपला का हो?" शेजारच्या योनेदाआजींनी विचारलं.

"छे छे आजी, उद्याच आणून देतो!" काका कमरेत वाकले.

मी हात वर केला. मी शाळेच्या बागकाम समितीची प्रमुख आहे. (सदस्य दोन. दुसरी त्या दिवशी आजारी होती.)

"काका, आमच्या रताळ्यांच्या वाफ्याचं काय? दर शरदात पहिलीची मुलं तिथे रताळी खणतात."

"अगं पोरी, वाफा आहे तिथेच राहणार. उलट आणखी मजबूत होणार!"

टाळ्या पडल्या.

काका शब्दाचे पक्के निघाले. वाफ्यात माझं फावडं वाकलं. मी तक्रार केली, तर कंपनीच्या अहवालात 'मजबुती समाधानकारक' असा शेरा आला, सोबत पुरावा म्हणून माझ्याच फावड्याचा फोटो.

पण रताळी खणली नाहीत असं एकही वर्ष शाळेच्या इतिहासात नाही. म्हणून मुख्याध्यापक कुवाबारासरांनी शास्त्रीय तोडगा काढला: सिमेंटवर वाळू पसरायची आणि वाळूत बाजारातली रताळी पुरायची. पुरायचं काम अर्थातच समितीचं.

"मुलांचा आनंद महत्त्वाचा, नाही का?" सर म्हणाले. मी गुमान रताळी पुरली.

खणायच्या दिवशी पालक गळ्यात निळे टॉवेल घालून कौतुकाने उभे होते. पहिलीतल्या हिनानोने सगळ्यांत मोठं रताळं उपटलं आणि ओरडली, "ताई, यावर 'आज स्वस्त' असं चिकटवलंय!"

पालक एकदम आभाळ बघायला लागले. हिनानो मात्र खणतच राहिली. वाळू संपली, नखं सिमेंटवर खरवडली.

"ताई, याच्या खाली काय आहे गं?"

अख्ख्या सभेत न आलेला प्रश्न! सर धावले. "अरे बापरे, हात किती मळले बाळाचे!" म्हणत त्यांनी टॉवेल पुढे केला. कोरा, फिका निळा.

हिनानोने तो घेतला नाही. मी तिला माझं वाकलेलं फावडं दिलं.

हसताय ना? हसा. तुमच्याही पायाखालची जमीन चांगली टणक असेलच. तुम्हाला कोणत्या रंगाचा मिळाला होता?