पाकोळीची झेप आणि पोपटाचा हुकूम

एका जंगलात पक्षी उडत असत.

हसू नका रे मुलांनो. पक्षी उडतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण त्या जंगलाच्या राजाच्या लक्षात ही गोष्ट बरीच उशिरा आली. आणि राजाच्या लक्षात एखादी गोष्ट आली की पुढे तिचं काय होतं, तेच सांगायला मी बसलोय. मागच्या रांगेने चुळबूळ थांबवावी.

राजा हत्ती होता. स्वभावाने चांगला होता बिचारा. फक्त वर बघायचा त्याला कंटाळा असे, कारण मान उचलायला कष्ट पडत. एका दुपारी तो झाडाखाली डुलक्या काढत होता. तेवढ्यात एक होला उडत आला आणि थेट त्याच्या कानावर आदळला. होल्याचं लक्ष पलीकडच्या फांदीवर बसलेल्या होल्यांच्या एका देखण्या पोरीकडे होतं. हे तुम्हाला आत्ता कळणार नाही, पुढे आपोआप कळेल.

महाराज दचकून उठले.

"हे काय होतं?"

"पक्षी, महाराज," मोर म्हणाला. मोराचं नाव मयूरराव, आणि तो राज्याचा प्रधान होता. लांबलचक पिसाऱ्यामुळे मयूररावांचं उडणं जेमतेमच, त्यामुळे दरबारात बसायला त्यांना भरपूर वेळ मिळे.

"हा वरून कसा काय आला?"

"उडत, महाराज."

"कोणाला विचारून?"

मयूररावांनी इतकी वर्षं राज्यकारभार केला, पण हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. त्यांनी लगेच चौकशी लावली. जंगलात सगळ्यात चपळ उडणारी म्हणून पाकोळीला बोलावणं गेलं.

पाकोळी तुम्ही पाहिली असेल. काळी, इवलीशी, कोयत्यासारख्या वाकड्या पंखांची. दिवसभर हवेत भिरभिरते आणि हवेतच किडे पकडून खाते. या पाकोळीचं नाव भिरकी. ती आली आणि दरबारातल्या झाडाच्या सालीला लटकली.

"नीट उभी राहा," मयूरराव म्हणाले.

"मला उभं राहता येत नाही, साहेब. माझे पाय नुसते धरण्यापुरते आहेत."

"असू दे, असू दे," महाराज म्हणाले. "बाई, तू उडतेस कशी ते सांग."

भिरकीला नवल वाटलं. हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. तरी तिने मनापासून सांगितलं.

"मला दिसतं, महाराज, आणि मी वळते. डाव्या बाजूची झाडं जास्त जोरात मागे पळताना दिसली की समजायचं, आपण डावीकडे फार सरकलोय. मग उजवीकडे जायचं. समोरची फांदी भराभर मोठी व्हायला लागली की वेग कमी करायचा."

"हे डोळ्यांचं झालं. मग पंखाला कोण सांगतं?"

"डोळेच सांगतात."

"मध्ये कोण असतं?"

"मध्ये?"

"म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, ते त्यांनी वर कळवलं, वरून हुकूम आला, मग पंख हलला. तर तो हुकूम देणारा कोण?"

"कोणीच नाही, महाराज. तेवढा वेळच नसतो."

दरबारात कुजबूज झाली. मयूररावांनी मान ताठ केली.

"म्हणजे डोळा आणि स्नायू यांचं परस्पर चालतं?" त्यांनी विचारलं. "आम्हाला न कळवता?"

आता भिरकीने इथेच गप्प बसायचं ना? पण ती भोळी. तिला वाटलं, यांना खरंच जाणून घ्यायचंय. तिने सांगितलं की छातीत एक मोठा स्नायू असतो, तो पंख खाली ओढतो. त्याच्याखाली एक लहान स्नायू असतो, तो पंख वर उचलतो. त्याची दोरी खांद्यावरून फिरून जाते, विहिरीच्या रहाटावरून जाते तशी.

"थांब," मयूरराव म्हणाले. "खालचा वरचं काम करतो?"

"हो, साहेब."

"आणि मोठ्याला हे चालतं?"

"दोघं मिळूनच तर उडणं होतं."

मग तिने पंख उलगडून दाखवला. वेगात जायचं असेल तर असा मागे ओढायचा. संथ तरंगायचं तर असा पसरायचा. बसायच्या वेळी हे अंगठ्याजवळचं चिमुकलं पीस उभं करायचं, म्हणजे एकदम खाली कोसळत नाही.

"इतक्याशा पिसाला इतके अधिकार?" महाराज उद्गारले. त्यांना खरोखरच धक्का बसला होता.

झालं. संध्याकाळच्या आत कायदा निघाला.

कायदा सोपा होता. उडणाऱ्या पक्ष्याने जे दिसेल ते मोठ्याने ओरडून सांगायचं. जवळच्या झाडावरचा पोपट ते ऐकेल आणि टेकडीवरच्या सागावर बसलेल्या राघुअण्णांना कळवेल. राघुअण्णा म्हणजे मुख्य पोपट, मयूररावांच्या बैठकीतले. ते विचार करून हुकूम देतील. हुकूम आल्या मार्गाने परत येईल. मग पक्ष्याने वळावं. आणि हवेत असताना स्वतःच्या मर्जीने पंखाचा आकार बदलायचा नाही. ज्या आकारात निघालात त्याच आकारात पोचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक खंड्या निघाला. "समोर फांदी!" तो ओरडला. "समोर फांदी!" पहिला पोपट ओरडला. "समोर फांदी असल्याचं समजतं," दुसरा म्हणाला. राघुअण्णांनी पेरूचा घास गिळला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "कोणती फांदी?"

तोवर फांदी आलेली होती.

दोनचार दिवस असे धडाधड आवाज ऐकू येत राहिले. मग पक्षी शहाणे झाले. ते चालायला लागले. धनेश एवढी मोठी चोच सांभाळत पाऊलवाटेने जाऊ लागला. बगळ्यांचे थवे ओळीने चालत तळ्यावर जात. घार तर फांदीवरून हललीच नाही. खाली पडलेलं काही मिळालं तर ती टुणटुण उड्या मारत जाऊन उचलून आणी. तितर खूश झाले. त्यांना आधीपासूनच चालायची सवय होती, आणि आता सगळे त्यांच्याकडे धडे घ्यायला येत.

हवेतले अपघात साफ थांबले. महाराजांनी भर दरबारात मयूररावांची पाठ थोपटली. पोपटांची भरती वाढली. राघुअण्णांचे भाचे, पुतणे, भाच्यांचे साडू, सगळे झाडाझाडावर बसले. पेरू तेवढे मिळेनासे झाले.

मरण झालं ते भिरकीचं. तिला चालता येत नव्हतं. आणि तिला पिल्लू होतं.

तिचं घरटं डोंगरात होतं. दोन उंच कातळांच्या मध्ये एक अरुंद फट, आणि त्या फटीत उंचावर थुंकीने चिकटवलेलं वाटीएवढं घर. त्यात टिकली नावाची तिची लेक. टिकलीला भरवायला भिरकीला उडावंच लागे, आणि कायदा पाळावाच लागे, कारण फटीच्या तोंडाशीही एक पोपट बसवला होता. भिरकी किडे पकडून आणी. घरट्यापाशी आली की कायद्याप्रमाणे ओरडावं लागे, "समोर कातळ!" ओरडायला चोच उघडली की सगळे किडे खाली.

तुम्ही हसलात. मलाही सांगताना हसू येतं. पण टिकलीला येत नव्हतं. ती भुकेने रडायची. शेवटी भिरकी पोपटाला निम्मे किडे देऊ लागली. पोपट किडे खात नाहीत, तरी तो ठेवून घेई. मग तो दुसरीकडे बघे आणि ती गुपचूप आत शिरे.

आता पाकोळ्यांची एक रीत ऐका. त्यांची पिल्लं उडायला शिकत नाहीत. घरट्यातच पंखांवर भार देऊन जोर काढतात, जोर काढतात, आणि एक दिवस आपणहून कडेवरून उडी टाकतात. शेजारच्या फांदीवर जाऊन बसणं वगैरे काही नाही. पहिली झेप तीच खरी झेप. जमली तर आकाश, नाही जमली तर खालचे दगड.

टिकली जोर काढू लागली तशी भिरकीची झोप उडाली. ती मयूररावांकडे गेली.

"साहेब, एवढ्या एका वेळेपुरतं पोरीला मोकळं सोडा. हुकमाची वाट बघायला तिथे जागा नाही हो. फट अरुंद आहे."

"बाई, तुला माया आहे म्हणून तू असं बोलतेस," मयूरराव प्रेमाने म्हणाले. "पोरीला अनुभव नाही. म्हणजे हुकूम जास्त लागणार. उलट आम्ही स्वतः राघुअण्णांनाच तिथे आणतो. महाराजही येतील. अगदी थाटात करू पहिली झेप."

भिरकी परत आली. तिला इतकी भीती कधी वाटली नव्हती. लेक मरणार, आणि मरताना टाळ्या वाजवायला सगळं जंगल हजर असणार, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे दिसत होतं. ती लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "टिकले, उडी मारलीस की दोन्हीकडे बघ. ज्या बाजूचा कातळ जोरात पळेल तो तुझ्या जवळ आलाय. त्याच्यापासून लांब हो. कोणी काही म्हणो."

"पण आई, हुकूम नाही आला तर?" टिकलीने विचारलं.

तिची तरी काय चूक? डोळे उघडल्यापासून तिने पोपटांचं ओरडणंच ऐकलं होतं. तिला वाटे, उडणं म्हणजे ऐकणं.

झेपेचा दिवस आला. कातळाखाली मांडव घातला होता. महाराज मोठ्या दगडावर टेकले. सगळे पक्षी चालत आले होते, धापा टाकत होते. घारसुद्धा उड्या मारत आली आणि एका वाळक्या खोडावर बसली. राघुअण्णांचं स्वागत झालं. त्यांना पेरू दिला. मयूररावांनी भाषण केलं. ते संपायच्या आत टिकलीचा तोल गेला की धीर सुटला कोण जाणे, पण ती कडेवरून निघाली.

राघुअण्णांच्या तोंडात पेरू होता.

टिकली पडत होती. पंख अंगाशी मिटलेले. आणि मुलांनो, ती हुकमाची वाट बघत होती. वर भिरकी कातळाला चिकटून बसली होती, तिच्या नखांनी दगड खरवडला जात होता. खालून सगळे राघुअण्णांकडे बघत होते. राघुअण्णा चावत होते.

डावा कातळ फार जोराने पळाला.

टिकलीने हुकमाची वाट पाहिली नाही असं मी म्हणणार नाही. ती शेवटपर्यंत पाहत होती. पण तिच्या डोळ्यांना कातळ दिसला आणि पंख उघडला. मध्ये कोणी नव्हतं. ती उजवीकडे कलली. उजवा कातळ पळू लागला, ती डावीकडे कलली. शेपूट पसरलं, पंख मागे ओढले आणि फटीच्या तोंडातून ती मोकळ्यावर सुसाट बाहेर पडली.

तेवढ्यात राघुअण्णांनी पेरू गिळला. जन्मभर हुकूम दिलेला पोपट तो. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं आणि खणखणीत आवाजात ओरडला, "उजवीकडे वळ!"

टिकली आधीच उजवीकडे वळली होती.

"शाब्बास!" महाराज म्हणाले.

"आता वर जा!"

टिकली वरच चालली होती.

"अजून वर! गोल फीर! हं, अशी! पंख पसर! आता मीट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं आज्ञाधारक पिल्लू जंगलाने कधी पाहिलं नव्हतं. राघुअण्णांच्या घशाला कोरड पडली, तरी ते थांबले नाहीत. पोर इतकी भराभर वळत होती की त्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. टिकली लहान झाली, आणखी लहान झाली.

"ठिपका हो!" राघुअण्णा ओरडले. "आता दिसेनाशी हो!"

ती दिसेनाशी झाली.

भिरकी कातळावर हसत होती आणि रडत होती. मग तिने नखं सोडली आणि काहीही न ओरडता लेकीमागे निघून गेली. खाली कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, कारण महाराज बोलत होते.

"उत्तम! आता तिला परत बोलवा. तिच्या गळ्यात हार घालू."

"परत ये!" राघुअण्णा म्हणाले.

आकाश निळं होतं. त्यात काहीही नव्हतं.

"परत ये!" सगळे पोपट एका सुरात ओरडले.

महाराजांनी मोठ्या कष्टाने मान वर केली. "का येत नाही ती?"

सगळे एकमेकांच्या मागे सरकू लागले. फक्त राघुअण्णा जागचे हलले नाहीत. ते अदबीने झुकले. "महाराज, दिसेनाशी हो असा माझा हुकूम होता. एकदा हुकूम दिला की मुलगी मोडत नाही. असं वळण लावलंय आपण."

महाराज विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. हार आणलेला होताच. तो राघुअण्णांच्या गळ्यात पडला. आकाशात उडण्याची कला त्यांनी जंगलाला दिली, असं मयूररावांनी जाहीर केलं. तितरांनी नाच केला.

सगळे निघाले तरी घार त्या वाळक्या खोडावरच बसून होती. पाकोळी जिथे नाहीशी झाली तिथे तिची नजर लागली होती. एवढ्या लांबचंही तिला स्वच्छ दिसत होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिचे मोठे पंख आपोआप उलगडले. तिचे पाय खोडावरून किंचित उचलले गेले. मग तिने खाली पाहिलं.

"राघुअण्णा, मी जाऊ का?"

राघुअण्णा हार सांभाळत घरी चालले होते.

"आज सुट्टी आहे," ते म्हणाले.

घारीने पंख मिटले आणि ती टुणटुण उड्या मारत पाऊलवाटेला लागली.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी तुम्हाला पंख फुटले नाहीत तरी वाईट वाटून घेऊ नका. कोण कुठे वळतोय त्यावर नजर ठेवा, आणि तो वळला रे वळला की लगेच तसा हुकूम सोडा. फक्त त्या वेळी तोंडात पेरू नको.