डबीर सर आणि बावीस प्रश्नांची सहल

घास तोंडात असलेल्या माणसाला "आत्ता, या मिनिटाला, तुम्हाला कितपत बरं वाटतंय?" असं विचारणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे डबीर सर. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही, कानावर पेन्सिल आणि त्या वहीत दर सहलीमागे बावीस प्रश्न. लोक रविवारी मोकळ्या हवेत जाऊन काय करतात, कुठे बसतात, कितव्या तासाला भांडतात, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. सत्तरच्या दशकातल्या नागपुरात याला रिकामपणाचे उद्योग म्हणत. मीही म्हणत असे.

अंबाझरी तलावाकाठी तुम्ही सतरंजी अंथरली की पाच मिनिटांत डबीर सर हजर. माझा मेहुणा लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन तिथे पहिल्यांदाच बसला होता, तर सरांनी विचारलं, "आपलं आपसातलं बोलणं कितव्या मिनिटाला सुरू झालं?" लग्न झालं, पण मेहुणा त्या तलावाकडे परत फिरकला नाही.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "यंदा थंडी फार आहे हो," असं कुणी सहज म्हटलं तरी ते विचारत, "हे अनुभवानं सांगता की नोंदीनं?" आता यावर माणसानं काय बोलावं!

आठ वर्षांच्या नोंदींतून त्यांनी निष्कर्ष काढला होता. बायका रांधतात, पुरुष पत्ते कुटतात, म्हणून बाराच्या सुमाराला सहल नासते. सगळ्यांनी मिळून कणीक मळली पाहिजे आणि चूल सगळ्यांच्या मधोमध पाहिजे. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. शेवटी सर कळवळून म्हणाले, "एक सहल माझ्या पद्धतीनं करू द्या. फसली तर वही जाळून टाकतो."

रामटेकजवळ तलावाकाठी रोडग्यांचा बेत ठरला. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे भाजायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. भाजण्याचं काम आमच्या कॉलेजच्या शिपायाचं, गोमाजीचं. सरांनी दाखवलेली जागा पाहून तो म्हणाला, "इथं नका मांडू जी. वारा तलावाकडून येऊन राहिला. सारे खोकलत बसतीन."

"हे अनुभवानं सांगता की नोंदीनं?"

"माह्या डोयात धूर जाते ना, त्यानं सांगतो!"

सरांनी चुलीचे दगड स्वतः उचलून वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेले आणि वहीत तसं लिहून ठेवलं.

मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी बाह्या सारून कणीक मळली. पत्ते पिशवीतून बाहेरच निघाले नाहीत. बारा वाजले, एक वाजला, कुणी भांडलं नाही. सर जिंकले होते. पंगत बसली आणि गोमाजी कपाळाला हात लावून आला. "सर, एक रोडगा कमी पडून राहिला. आपण एकतीस हाओत. तुमी मले तीस काहून सांगतले?"

सरांनी पुन्हा मोजलं. "तीसच."

माझी बायको म्हणाली, "भावजी, आणि तुम्ही?"

"मी निरीक्षक. निरीक्षकाला मोजत नसतात," म्हणत त्यांनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. दर सहलीला काढत असावेत, आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं आपला अर्धा रोडगा त्यांच्यापुढे ठेवला. वही माझ्याजवळ देऊन ते जेवायला बसले.

मी सहज पहिलं पान उघडलं. जागा, फुटाळा तलाव. माणसे, दोन. एकवीस उत्तरं सरांच्या अक्षरात होती. बाविसावा प्रश्न होता, 'पुन्हा याल का?' त्याचं उत्तर मात्र बायकी, गोल अक्षरात होतं. 'हो, पण वही घरी ठेवून.'

सरांच्या पत्नी आठ वर्षांपूर्वी, त्या पहिल्या नोंदीच्या वर्षीच गेल्या, हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. आपण आठ वर्षं कशाला हसत होतो ते मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"सर," मी वही परत देत म्हणालो, "पुढच्या खेपेला वही आणू नका."

"हे अनुभवानं सांगता की नोंदीनं?"

"नोंदीनं. पहिल्या पानावरच्या."

सरांनी वही घेतली आणि चिवड्याच्या पुडीशेजारी पिशवीत ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिथेच गेलो. सरांचे हात रिकामे होते. गोमाजीनं विचारलं, "यंदा किती जी?"

"बत्तीस," सर म्हणाले.

पंगत बसली. सरांना धरून आम्ही एकतीसच होतो. त्यांच्या शेजारची एक पत्रावळ तशीच राहिली. गोमाजी ती उचलायला वाकला, तेवढ्यात माझ्या बायकोनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं आणि त्या पत्रावळीवरही रोडगा वाढला.