फुलसिंगभाऊंची मागची खोली

फुलसिंगभाऊंच्या दुकानात पंखा होता, पण तो माणसांसाठी नव्हता. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलेलं, त्याच्या उघड्या पोटासमोर टेबलफॅन घरघरत असायचा आणि भर मे महिन्यात कळमनुरीतलं गिऱ्हाईक बापडं वर्तमानपत्राने वारा घेत बसायचं. कुणी मोठ्याने खोकलं तरी भाऊ ओठांवर बोट ठेवायचे.

"हळू. ते इचार करून राहिलंय."

'ते' म्हणजे कॉम्प्युटर. घर बांधण्याआधी ते कसं दिसेल, रंग, सावल्या, काचेत पडलेलं आभाळ, याचं हुबेहूब चित्र भाऊ कॉम्प्युटरवर करून द्यायचे. त्या दिवसांत आमच्याकडे ही जादूच होती. भिंती-खिडक्या मांडून व्हायच्या झटक्यात. पण त्याचं खरंखुरं चित्र करायला मशीन जे बसायचं ते उठायचंच नाही. वरून खाली एकेक पट्टी उमटायची, दुकानदाराने अंत पाहत साडी उलगडावी तशी.

भाऊ सेनगावकडच्या तांड्यावरचे. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला. भाऊंनी कॉम्प्युटरलाही बैलच मानलं होतं. मशीन अडलं की म्हणायचे, "गोणी जड झाली. उतरवा कायतरी." मग झाडांची पानं विरळ व्हायची, नाही तर दारातली मोटार जायची.

मी शाळामास्तर. सरकारी कॉम्प्युटर कोर्स पास, म्हणजे माऊस सरळ धरता येण्याइतका तज्ज्ञ. म्हणून भाऊंना सल्ला द्यायचा अधिकार मला आहे, असं मला एकट्यालाच वाटायचं.

त्या दुपारी मात्र सल्ला सुचत नव्हता. बसस्टँडमागची वडिलांची जागा विकायला माझा थोरला भाऊ पुण्याहून आला होता. मला तिथे आम्हा दोघा भावांचं घर हवं होतं. दादा म्हणाला, "कसं दिसेल ते दाखव. पटलं तर बांधू. नाही तर पाचच्या गाडीआधी त्या माणसाला शब्द देऊन मोकळा होतो." जागा घेणारा तो माणूस समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला. त्यात चारला लोडशेडिंग.

आभाळाच्या पट्ट्या भराभर आल्या आणि छपराशी येऊन मशीन थबकलं.

"भाऊ, काहून थांबलं?"

"इचार करून..."

"अहो, तिकडे दादाही विचार करून राहिलाय!"

दादा मांडीवर बॅग घेऊन बसला होता. "याला घर म्हणायचं? मला नुसतं आभाळ दिसतंय. आभाळ पुण्यातही आहे."

भाऊंनी गोणी उतरवायला घेतली. झाडं गेली. फाटकाची जाळी गेली. आमच्या हिने बजावून सांगितलेला झोपाळा गेला.

"भाऊ, घरी काय सांगू?"

"चित्रातून काढला म्हणा. घरातून न्हाई."

चित्राचा आकार निम्मा केला. पुन्हा आभाळ, पुन्हा छप्पर, पुन्हा तोच मुक्काम. घड्याळ साडेतीनच्या पुढे सरकलं. दादाने बॅगेची चेन लावली.

मला राहवेना. काम थांबवायला लावून मी माऊस हातात घेतला आणि घर पुढून दाखवायच्या ऐवजी गरकन मागून फिरवलं. पडद्यावर नुसत्या रेघांचं घर. पण मागे, बंद दाराआडच्या एका खोलीत, भिंतीवर रेघांचं इतकं घनदाट जाळं की तिथे पडदा पांढरा झालेला.

"हे काय?"

भाऊंनी माऊस काढून घेतला. "ते असू द्या."

"चित्रात दिसणार आहे का ते?"

"न्हाई."

"मग ठेवलंय कशाला?"

भाऊंनी पंख्याकडे तोंड वळवलं. मग पंख्याच्या घरघरीत जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "ओढणी हाय. याडीची."

याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या बायका आरसे टाचून ओढणी भरतात, तशी ती. भाऊंनी एकेक आरसा मांडून भिंतीवर पसरली होती आणि ऊन आत यावं म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. ते ऊन या आरशातून त्या आरशात पळत होतं, आणि कुणाला दिसो न दिसो, मशीन त्या प्रत्येक उडीचा हिशेब लावत बसलं होतं.

"तिची सारी जिंदगी खोपीत गेली, सर. मी हितं भाड्याच्या खोलीत. दिवसभर लोकायची घरं काढतो, तं मागं एक खोली तिला देतो. दार लावून. कुणाला तकलीफ न्हाई."

"प्रत्येक घरात?"

"व्हय."

माझ्या घराचा निकाल लागायचा होता, आणि 'काढा' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. दादा उठून दारापर्यंत गेला. भाऊंनीच कपाळाचा घाम पुसला.

"गोणी जड झाली," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं. जाळं गेलं. भिंत कोरी झाली.

मशीन सुटलंच. आभाळ, छप्पर, खिडक्या, ओटा. शेवटची पट्टी उरली तोच लाइट गेली, पंखा थांबला आणि म्हातारा यूपीएस केकाटायला लागला. त्याच्या चार-दोन मिनिटांच्या दमावर प्रिंटरने कागद ओढला, थांबला, पुन्हा ओढला.

दादाने दारात उजेडाला धरून चित्र पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"पायऱ्या फार आहेत," तो म्हणाला. "म्हातारपणी चढवतील का माझ्याने?"

आणि हॉटेलातल्या माणसाला नाही सांगायला रस्ता ओलांडून गेला.

वास्तुशांतीला फुलसिंगभाऊ आले ते काखेत एक गाठोडं घेऊन. झोपाळ्याकडे पाहिलं नाही, ओट्याकडे पाहिलं नाही. सरळ मागच्या खोलीशी जाऊन अवघडून उभे राहिले.

"पाच मिंटं लावून बघू का, सर?"

आमच्या हिने न विचारता खिळे आणून दिले. ओढणी भिंतीवर चढली. भाऊंनी पश्चिमेची खिडकी उघडली आणि सगळी खोली उजेडाच्या ठिपक्यांनी भरून गेली. भिंतींवर ठिपके, छतावर ठिपके, माझ्या टकलावरसुद्धा असणार, कारण ही हसली.

भाऊ हसले नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणाले, "बघा. उन्हानं जरासुदिक इचार न्हाई केला."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. पंगत बसली म्हणून दादा मोठ्याने हाका मारत आला. मी ओठांवर बोट ठेवलं.