लाल डबा की काळा?

चष्मेवाल्यांनी वाद्यांच्या दुकानातून दोन ऑडिओ इंटरफेस पारखायला म्हणून घरी आणले आणि घरच्या बैठकीच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. इंटरफेस म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसणारा डबा. एक लाल, एक काळा. एक ठेवायचा, दुसरा शनिवारपर्यंत परत करायचा, बस्स. पण हा माणूस टूथब्रशचा रंग ठरवायलाही दुकानातून बायकोला फोन करणारा!

गाणं हे त्यांचं जुनं वेड. स्वतः चाल लावलेलं एक गाणं नीट रेकॉर्ड करायचं आणि शहरातल्या गायकवृंदाकडे पाठवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. घेतील का आपल्याला, हे ते बायकोला दिवसातून दहादा विचारायचे. अशा वेळी त्यांना धीर एकाच माणसाचा असे, तो म्हणजे सासऱ्यांचा. सासरे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले आणि आता लेकीकडेच राहणारे. जावई गायला लागला की ते समोर येऊन बसायचे आणि शेवटी "वा, जावईबापू!" म्हणायचे. त्यांना गेली कित्येक वर्षं बरंच कमी ऐकू यायचं, ही गोष्ट चष्मेवाले सोयीस्करपणे विसरत. कानाला यंत्र लावा म्हटलं की सासरे भडकायचे. "मला काही झालेलं नाही! तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता!" हल्ली तर ते बोलणंही टाळत होते.

चष्मेवाल्यांनी आधी बायकोच्या कानाला हेडफोन लावला आणि आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या सवयीने विचारलं, "आता बरं वाटतंय, की आधी?"

"सारखंच."

"नीट ऐक. हा लाल... आणि हा काळा."

"अहो, मी तुमचं गिऱ्हाईक नाही! दोन्हीत तुम्हीच गाताय, फरक पडणार कुठून?"

मग जाणकार म्हणून सासऱ्यांना बोलावणं गेलं. त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवून चष्मेवाल्यांनी लाल डब्याचं आवाज वाढवायचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. बायको चालू माइकशेजारी वायरींचा गुंता सोडवत होती. ती आपली पुटपुटली, "यांना काय कळणार आहे, बिचारे."

"बिचारा कोण?" सासरे म्हणाले.

बायकोच्या हातातली वायर गळून पडली. "बाबा? ऐकू आलं तुम्हाला?"

"पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं. तुझा आवाज अगदी तुझ्या आईसारखा झालाय, मला पत्ताच नव्हता." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. बायकोही रडायला लागली आणि रडता रडता त्यांना दुधाचा, शेजाऱ्यांचा, नळाचा, असा काय वाटेल तो वृत्तांत माइकमधून देत सुटली. चष्मेवाल्यांनाही फार बरं वाटलं. त्या भरात त्यांनी माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि गाणं सुरू केलं.

डोळे उघडले तेव्हा सासऱ्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता.

"असं गाता होय तुम्ही?"

"डब्यात दोष असेल, बाबा. थांबा, काळा लावतो."

काळा लावला. गाणं पुन्हा झालं.

"आता?"

"आता जास्त स्पष्ट कळतंय."

"काय?"

"बेसूर आहे ते."

चष्मेवाल्यांनी माइक तोंडाशी ओढला. "मग इतकी वर्षं वाहवा कशाची करत होता?"

"दिसायला तुम्ही फार सुरेल होता हो! डोळे मिटायचे, मान डोलायची, हात असा हवेत. मला वाटायचं, चांगलंच रंगलंय."

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही दोघंही खूश होतात. मी कशाला मधे पडू?"

बिचाऱ्यांना भयंकर लागलं. त्यांनी लाल डबा खोक्यात भरला, मग काळ्याची वायर उपटायला हात घातला.

"कुठे निघालास?" सासरे म्हणाले.

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. चष्मेवाले जागच्या जागी थांबले.

"दोन्ही परत करतो, बाबा. माझं काही खरं नाही."

"बस खाली. गायकवृंदाला इतक्यात काही पाठवू नकोस. आवाज दमदार आहे तुझा, फक्त त्याला वळण नाही. शाळेत याहून वाईट पोरं गाती केलीत मी. सा लाव."

चष्मेवाल्यांनी सा लावला.

"हा नव्हे. पुन्हा."

तो पुन्हापुन्हाचा घोष जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबेना. सासऱ्यांचा आवाज चढत होता, हात ताल धरत होता, आणि कधी नव्हे ती त्यांनी लेकीकडे स्वतःहून जास्तीची पोळी मागितली. काळा डबा ठेवायचा, हेही त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं. चुका त्यात नीट ऐकू येतात म्हणे.

हात धुऊन आल्यावर ते लेकीला म्हणाले, "उद्या मला त्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चल. याला शिकवायचं म्हणजे मला दिवसभर ऐकू यायला हवं."

लेकीने जोरजोरात होकाराची मान हलवली.

"पण एक विचारून ठेव हं," जावयाकडे बघत सासरे हळूच म्हणाले. "ते यंत्र मधूनमधून काढून ठेवता येतं ना? कायमचं नाही गं. सुरुवातीचे काही महिने."