सतरा मार्चची मुदतवाढ

यंदाचा सतरा मार्च आमच्या तालुक्यात नऊ जूनला येणार होता, कारण दिवाणी न्यायालयाने त्याला मुदतवाढ दिली होती. सोळा मार्चची रात्र सरली की थेट अठराची सकाळ, असा आदेश होता.

मी या न्यायालयात वरिष्ठ लिपिक आहे. रोजनामा मी लिहितो. सुनावणी पुढे गेली की दिवसही पुढे जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा बावीस ऑगस्ट अजून आलेला नाही. त्या दिवशी जन्मलेली गावातली तिघं आहेत त्याच वयाची आहेत. त्यातल्या एका शिक्षिकेची तर तक्रारही नाही.

दावा होता दाजी परुळेकरांच्या जिन्याच्या सातव्या पायरीचा. खालच्या सहा पायऱ्या दाजींच्या आणि आठवीपासून वरच्या बाबल पेडणेकरांच्या, याबद्दल वाद नाही. सातवी कोणाची हे तेवीस वर्षं ठरायचं आहे, आणि तोवर दोन्ही घरची माणसं तिच्यावर पाय न ठेवता ये-जा करतात. सतरा मार्चला जिना बांधणाऱ्या बाबी मेस्त्रीची साक्ष होती. पण मेस्त्री शिमग्याला गावी जाणार होता, म्हणून पेडणेकरांचे वकील मसुरकर यांनी दोन मार्चला मुदतीचा अर्ज दिला.

अर्जावर समोरच्या वकिलाने आपलं म्हणणं लिहायचं असतं. दाजींचे वकील आडारकर. आडारकर आणि मसुरकर अडतीस वर्षं एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि दुपारी एकाच डब्यात जेवतात. एकाने मुदत मागायची, दुसऱ्याने न वाचता ‘हरकत नाही’ असं लिहायचं, ही त्यांची रीत. त्याप्रमाणे आडारकरांनी लिहिलं, सही ठोकली आणि मसुरकरांच्या डब्यातली सुरमईची तुकडी उचलली.

संध्याकाळी बायकोने त्यांच्यापुढे पत्रिकांचा गठ्ठा ठेवला. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, केतकीचं, लग्न सतरा मार्चला होतं.

नवरा मुलगा निशांत बोटीवर नोकरीला. बावीस मार्चला त्याला बोट गाठायची होती, ती एकदम डिसेंबरात परतणार. मधला दुसरा मुहूर्त विचारला, तर भटजींनी पंचांग मिटून ठेवलं.

“मी दिलेली संमती परत घ्यायची?” आडारकर म्हणाले. “अडतीस वर्षांत शब्द फिरवला नाही मी.”

“आणि मुलीचं लग्न फिरलेलं चालेल?” बायकोने विचारलं. यावर त्यांनी मुदत मागितली.

शेवटी बारा मार्चला केतकी स्वतःच न्यायालयात उभी राहिली. न्यायाधीश देवस्थळी मॅडम कामाला चोख.

“तुमचे वकील कोण?”

“कोणी मिळत नाही, मॅडम. बाबांच्या सहीविरुद्ध उभं राहायला सगळे लाजतात.”

“मागणी काय?”

“सतरा मार्च परत हवा.”

“अख्खा?”

केतकी घुटमळली. “गोरज मुहूर्त आहे. सहा बत्तीसचा.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “न्यायालयाचं कामकाज अकरा ते साडेपाच. बाकीच्या सतरा मार्चशी या पायरीचा संबंध काय?”

“काही नाही, मॅडम. हरकत नाही,” मसुरकर म्हणाले.

आडारकर उठले, घसा खाकरला आणि त्यांना रडूच फुटलं. “हे बापाचं म्हणणं नोंदवू की वकिलाचं?” मी विचारलं. “वकिलाचं नोंदव रे,” ते नाक पुसत म्हणाले.

आदेश झाला. सतरा मार्च ठरल्या दिवशीच उजाडला. सकाळी हळद लागली, अकरा वाजले आणि लगेच साडेपाच झाले. सहा बत्तीसला अक्षता पडल्या. दुपारची चारशे पानांची पंगत तेवढी राखून ठेवलेल्या वेळेत अडकली, त्यामुळे वऱ्हाड उपाशी होतं आणि मुलाकडच्यांनी ते बोलूनही दाखवलं. पाचव्या दिवशी निशांत बोटीवर गेला. केतकी धक्क्यावर रडली नाही. घरी येऊन मात्र दोन दिवस जेवली नाही.

नऊ जूनला अकराच्या ठोक्याला सतरा मार्चचे उरलेले साडेसहा तास सुरू झाले. बाबी मेस्त्री दहापासून आमच्या बाकावर येऊन बसला होता, तो तिथून नाहीसा झाला, कारण सतरा मार्चला तो शिमग्याला होता. निशांत मात्र आडारकरांच्या मांडवात हजर झाला, गालाला हळद, हातात सुपारी. सतरा मार्चला तो तिथेच होता. बोटीच्या कप्तानाने ‘न्यायालयीन कामासाठी गैरहजर’ अशी रीतसर नोंद केली.

पंगत बसली. भात गरम होता. केतकी निशांतजवळ बसायला गेली, तर तिच्या शालूमावशी मध्ये येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं, लग्न संध्याकाळी सहा बत्तीसला आहे, आता दुपार आहे, तेव्हा अजून हा परका. कायद्याने ते बरोबर होतं.

एक वाजता मसुरकरांनी साक्षीदार नाही म्हणून पुन्हा मुदत मागितली. साडेचार तास शिल्लक होते. मॅडम पुढची तारीख सांगणार, एवढ्यात केतकी पानावरून उठून, उष्ट्या हातानेच धावत आली.

“मॅडम, सगळे तास एकाच दिवशी नका देऊ. डिसेंबरपर्यंत थोडे थोडे द्या. ते संपले की तो बोट परतेपर्यंत दिसणार नाही मला.”

मसुरकरांची हरकत नव्हतीच. आडारकर मात्र पेन हातात धरून दाजींकडे बघत राहिले. दाजी एक्याऐंशी वर्षांचे. निकाल जितेपणी लागावा, एवढं एकच मागणं त्यांनी तेवीस वर्षं मागितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं विचारल्याशिवाय वकिलाला लिहिता येत नव्हतं. मुलीसाठी त्यांना कसं विचारायचं, हे आडारकरांना सुचेना.

दाजींनी काठीवर हनुवटी टेकली.

“पायरी खंय पळान जातली, वकिलांनू?” ते म्हणाले. “जांवय मातर साडेपाचाक जातलो. लिवा.”

आडारकरांनी ‘हरकत नाही’ लिहिलं आणि साडेचार तासांचे सहा भाग झाले. जुलैपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या नऊ तारखेला, अकरा ते पावणेबारा. साक्ष त्यानंतर, नव्या वर्षात.

नऊ जुलैला निशांत वेळेवर आला. त्याच्या गालाची हळद वाळायला लागली होती. शालूमावशी दोघांच्या मध्ये ओट्यावर बसल्या आणि पाच मिनिटांत, बसल्या जागीच, घोरू लागल्या. उरलेली चाळीस मिनिटं दोघं काय बोलली ते आडारकरांनी ऐकलं नाही. ते मुद्दाम आत जाऊन बसले होते, असं त्यांनी मला सांगितलं. पावणेबाराला तो गेला. मी रोजनाम्यात वेळ लिहिली आणि पुढे ‘उभयता हजर’ अशी नोंद केली.