बाबांची गाठ आणि माझं समजावणं

कुठलंही यंत्र मी पाच मिनिटांत कुणालाही समजावून देतो. वीस वर्षं दुकानात वॉशिंग मशीन विकतोय, ते काय उगाच! त्यामुळे बाबांच्या मूत्रपिंडावरची गाठ रोबोटने काढायचं ठरलं, तेव्हा मी सर्जनबाईंना म्हटलं, तुम्ही कशाला वेळ घालवता, मी सांगतो त्यांना.

घरी येऊन सांगितलं, सगळं ऑटोमॅटिक असतं. बटण दाबलं की रोबोट गाठ शोधतो, कापतो, शिवतो. बाईंना फारसं कामच नाही. बाबांनी मान डोलावली. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस; मला वाटलं, कळलं.

ऑपरेशनच्या सकाळी बाबा खाटेवर मांडी ठोकून बसले आणि संमतीच्या कागदावर सही करेनात. आईने विनवलं, नर्सने विनवलं. मी तर दोन वर्षांची गॅरंटीसुद्धा देऊन टाकली. शेवटी सर्जनबाई स्टूल ओढून समोर बसल्या.

"काका, उद्या शेजाऱ्यांना सांगाल तसं मला सांगा. आज काय होणार आहे?"

बाबांनी माझी ऑटोमॅटिक कथा जशीच्या तशी ऐकवली आणि विचारलं, "पण दोरा गुंतला तर थांबवणार कोण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की रोबोट आपणहून तसूभरही हलत नाही. त्या त्याच खोलीत बसून त्याचे हात चालवणार. पोटाला चार-पाच छोटी छिद्रं पडणार. रक्तस्राव होऊ शकतो, आणि फारच अडलं तर पोट उघडून काम पुरं करावं लागेल. रोबोट नकोच असेल तर दुसरी पद्धतही आहे.

"म्हणजे पायडलवर पाय तुमचाच," बाबा म्हणाले. "आजवर किती केलीत?"

"दोनशेच्या वर."

"त्यात पोट किती वेळा उघडावं लागलं?"

"तीन."

बाबांनी चष्मा लावला, कागद ओळ न् ओळ वाचला आणि सही केली.

तेवढ्यात नर्सने माझ्यापुढेही एक कागद धरला. मी ऐटीत सही ठोकली. बाबांना आत नेल्यावर तिने मला खालच्या मजल्यावर नेऊन खुर्चीत बसवलं आणि दंडाला रबरी पट्टा आवळला. मी रक्तदान करायला राजी आहे, असं त्या कागदावर होतं म्हणे. सुई दिसली, एवढंच मला आठवतं.

भोवळीनंतर तिथेच गाढ झोपलो म्हणे. डोळे उघडले तेव्हा तीन तास उलटले होते आणि दारात नर्स आईला सांगत होती, "गाठ निघाली, काका उत्तम आहेत. यांना मात्र अजून थोडं पडू द्या."